पैसा रयतेचा, शाळा कोणासाठी?

शिक्षणावरचा सरकारी पैसा व्हाउचरच्या रूपाने पालकांच्या हाती द्यावा, त्यांनी हवी ती खासगी शाळा निवडावी, असा आग्रह काही मंडळी धरतात. तो ऐकला की आम्हाला महात्मा जोतीराव फुले आठवतात.

१८२७ साली जन्मलेल्या जोतीरावांची शाळा लहानपणीच सुटली. लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी त्यांना मळ्यातल्या कामाला लावले. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी वडिलांची समजूत घातली, म्हणून १८४१ मध्ये ते पुन्हा शाळेत गेले. असे शेजारी किती बहुजन मुलांच्या वाट्याला येणार?

१८४८ मध्ये भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवू लागल्या. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. देणग्या मिळाल्या, तशीच दक्षिणा फंडातूनही मदत झाली. पेशवाईत ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा अशी शूद्रातिशूद्रांच्या अक्षरांना लागली!

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला, हा अन्याय त्यांनी मांडला. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत गोरगरिबांच्या कामाची नाही, हेही त्यांनी बजावले. जिथे फीवर पोट भरत नाही तिथे कोणी शिक्षक स्वतःहून शाळा काढणार नाही. तिथे सरकारी शाळाच हवी, हे त्यांचे म्हणणे होते. १८९० मध्ये ते गेले, तेव्हा ती सक्ती आलेली नव्हती.

आज शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा आमच्या मुलांना दिल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना त्यातून सूट दिली. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. या जागा आमचा हक्क आहेत, त्या आम्ही सोडणार नाही. पण जिल्हा परिषदेची शाळा बंद करून हातात व्हाउचर ठेवणे याला निवड म्हणत नाहीत. वाडीवस्तीत दुसरी शाळाच नसेल, तर त्या कागदाने निवडायचे काय? रयतेच्या पैशावर पहिला हक्क रयतेच्या शाळेचा आहे. जोतीरावांचा हा दावा चळवळीने पुढे लढवलाच पाहिजे.