कार्ल मारिया फॉन वेबर

कार्ल मारिया फॉन वेबर (नोव्हेंबर १७८६ : ऑयटिन, जर्मनी – ५ जून १८२६ : लंडन, इंग्लंड) हे जर्मन संगीतकार, पियानोवादक आणि वाद्यवृंद-संचालक होते. जर्मन भाषेतील स्वच्छंदतावादी ऑपेराचे ते प्रवर्तक मानले जातात. ऑपेराचा पडदा उघडण्यापूर्वी वाद्यवृंद जी रचना वाजवतो, तिला ओव्हर्चर म्हणतात. मराठी संगीत नाटकातील नांदी गायली जाते. ओव्हर्चरमध्ये मात्र शब्द नसतात. लय, स्वरपट्टी आणि वाद्यांचा नाद एवढ्याच साधनांनी संपूर्ण नाट्याचा आशय सुचवणारी ओव्हर्चर रचण्यात वेबर यांचा हातखंडा होता.

बालपण व शिक्षण

वेबर यांचे वडील फ्रान्झ आंतोन यांची फिरती नाटक मंडळी होती व आई गायिका होती. मोझार्ट यांची पत्नी कॉन्स्टान्झे ही वेबर यांची चुलत बहीण. वेबर यांना जन्मापासून कंबरेच्या सांध्याचा विकार होता व ते लंगडत चालत. मंडळीबरोबर गावोगावी फिरताना रंगभूमीचे सर्व व्यवहार त्यांनी लहानपणीच जवळून पाहिले. साल्झबुर्ग येथे मिखाएल हायडन व पुढे व्हिएन्ना येथे आबे फोगलर यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले.

कारकीर्द

१८०४ साली, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आतच, ब्रेस्लाऊ येथील नाट्यगृहाचे संगीत-संचालकपद त्यांना मिळाले. तेथे चुकून आम्ल प्यायल्याने त्यांचा गाता आवाज कायमचा गेला. श्टुटगार्ट येथील दरबारी नोकरीचा शेवट १८१० मध्ये अटक व हद्दपारीत झाला. १८१३ ते १८१६ या काळात त्यांनी प्राग येथील ऑपेराची नव्याने घडी बसवली. १८१७ मध्ये ड्रेस्डेनच्या राजदरबारातील जर्मन ऑपेराची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी गायिका कॅरोलिन ब्रांट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ड्रेस्डेनच्या दरबाराचा ओढा इटालियन ऑपेराकडे होता. त्यामुळे जर्मन ऑपेराची योग्यता सिद्ध करणे हे वेबर यांचे जीवितकार्यच होऊन बसले.

डेर फ्रायशुट्झ

हा ऑपेरा १८ जून १८२१ रोजी बर्लिन येथे प्रथम सादर झाला. आगाथे हिच्याशी विवाह व्हावा म्हणून नेमबाजीची स्पर्धा जिंकू पाहणारा माक्स नावाचा शिकारी सैतानी गोळ्यांच्या मोहात पडतो, असे त्याचे कथानक आहे.

त्या काळी ओव्हर्चरचा कथेशी संबंध असलाच पाहिजे असे नव्हते. रोस्सिनी यांनी एकच ओव्हर्चर तीन वेगवेगळ्या ऑपेरांना जोडली होती. दुसरीकडे, श्रोत्यांचे मन कथेसाठी तयार करणे हे ओव्हर्चरचे काम आहे, असे ग्लुक यांचे मत होते. वेबर यांनी हा विचार पुढे नेला आणि ऑपेरातीलच सुरावटींतून ओव्हर्चर गुंफली.

तिचा आरंभ संथ लयीत, सी मेजर या पट्टीत होतो. चार हॉर्न वाद्यांच्या शांत सुरावटीतून अरण्य व शिकाऱ्यांचे जग उभे राहते. तेवढ्यात तंतुवाद्यांचा कंप, क्लॅरिनेटचे खर्जातील स्वर आणि टिंपनीचे दबके ठोके सैतानाची चाहूल देतात. लय अतिजलद होते आणि पट्टी सी मायनर होते. हे माक्सचे भय आहे. या वादळावर क्लॅरिनेटची एक दीर्घ सुरावट तरंगते. त्यानंतर ई-फ्लॅट मेजरमध्ये आगाथेच्या गीतातील आनंदाची धून येते. शेवटी संगीत जवळजवळ थांबते आणि पूर्ण वाद्यवृंदाच्या प्रचंड घोषाने सी मेजर परत येतो. आता आगाथेचीच धून विजयी होते. मायनरकडून मेजरकडे जाणारी ही वाट म्हणजेच कथेतील मोहाकडून मुक्तीकडे जाणारी वाट होय. बर्लिनच्या प्रेक्षकांनी ही ओव्हर्चर पुन्हा वाजवण्यास लावली.

नंतरच्या रचना

ऑयरियांथे (व्हिएन्ना, १८२३) हा ऑपेरा दुबळ्या संहितेमुळे फारसा टिकला नाही. त्याची ओव्हर्चर मात्र मैफलींत टिकून राहिली. ई-फ्लॅट मेजरमधील तिचा तडफदार ओघ मध्येच थांबतो आणि मोजकीच व्हायोलिने अतिसंथ लयीत, दबक्या नादात, कथेतील अतृप्त आत्म्याचे संगीत वाजवतात.

तोवर क्षयाने वेबर यांचे शरीर पोखरले होते. आपल्या पश्चात कुटुंबाचे हाल होऊ नयेत म्हणून त्यांनी लंडनच्या कोव्हेंट गार्डनसाठी ओबेरॉन लिहिण्याचे मान्य केले आणि त्यासाठी इंग्रजीही शिकले. डी मेजरमधील या ओव्हर्चरच्या प्रारंभी हॉर्नचे चढते तीन स्वर अगदी हळुवार उमटून परीराज्याचे दार उघडतात. पुढे एका आघातासरशी जलद भाग सुरू होतो. ओव्हर्चर प्रयोगाच्या केवळ काही दिवस आधी पूर्ण झाली आणि १२ एप्रिल १८२६ रोजी वेबर यांनी स्वतः तिचे संचालन केले. मरणाच्या दारी लिहिलेल्या या संगीतात आजाराची छायाही नाही.

निधन व प्रभाव

५ जून १८२६ रोजी लंडन येथे, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १८४४ मध्ये रिखार्ड वाग्नर यांच्या पुढाकाराने त्यांचे अवशेष ड्रेस्डेन येथे आणून पुन्हा दफन करण्यात आले. बेर्लिओझ यांनी वाद्यवृंदरचनेवरील आपल्या ग्रंथात डेर फ्रायशुट्झमधील क्लॅरिनेटच्या सुरावटीची विशेष दखल घेतली. वेबर यांचा अपूर्ण राहिलेला डी ड्राय पिंटोस हा ऑपेरा गुस्टाव्ह मालर यांनी पूर्ण केला व तो १८८८ मध्ये सादर झाला. ऑयरियांथे व ओबेरॉन आज क्वचितच रंगमंचावर येतात. त्यांच्या ओव्हर्चर मात्र जगभरच्या मैफलींत स्वतंत्रपणे वाजवल्या जातात.