मंथरेच्या आधीच्या ललिताबाई

आपल्या बॅचची ललिता पवारांशी पहिली ओळख झाली ती रविवारी सकाळी, दूरदर्शनवर. जानेवारी १९८७ मध्ये रामानंद सागरांचं 'रामायण' सुरू झालं, तेव्हा आपण प्राथमिकच्या वर्गांत होतो. पद्मा खन्नांच्या कैकेयीचे कान भरणारी, पाठीला पोक आलेली मंथरा सोमवारी मधल्या सुट्टीत शिव्या खात असे. तेव्हा ललिताबाईंनी वयाची सत्तरी गाठली होती. मंथराही त्यांना नवी नव्हती. १९६१ च्या 'संपूर्ण रामायण'मध्ये त्यांनी ती आधीच साकारली होती. आणि कॅमेऱ्यासमोर त्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा सिनेमाला आवाजसुद्धा नव्हता.

स्मरणिकेसाठी आवडत्या व्यक्तीवर लिही असा निरोप आला, तेव्हा मला याच बाई आठवल्या. त्यांची गोष्ट सहसा एका थपडेपासून सांगितली जाते. ती थप्पड मीही टाळणार नाही, पण गोष्ट तिथून सुरू होत नाही असं माझं म्हणणं आहे.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १९१६ चा, पैठण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या येवल्याचा. जन्मनाव अंबा. विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्यात ना. दा. सरपोतदारांची आर्यन फिल्म कंपनी मूकपट काढत होती. तिथे ही मुलगी बालनटी म्हणून आली. आपण ज्या वयात वर्गात शेवटच्या बाकासाठी भांडत होतो, त्या वयात ती स्टुडिओत काम करत होती. तो काळ ध्यानात घ्यायला हवा. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती, कारण त्या कामाला बाई मिळाली नव्हती. त्या गोष्टीला पंधराएक वर्षंच झाली होती. मुलीने सिनेमात जाणं म्हणजे घराण्याचं नाव घालवणं, असं मानणारी घरं तेव्हा कितीतरी होती.

मूकपटाची शाळा कडक होती. संवाद पडद्यावर पाटीवर लिहून येत, ते वाचता न येणारा प्रेक्षकही मोठा. म्हणजे राग, भीती, कपट, माया हे सगळं चेहऱ्याने आणि अंगाने सांगायचं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळलं नाही तर काम फुकट. आपल्याकडे शिक्षक पाढे घोकून घेत, तशी ही घोकंपट्टी होती. वय लहान असल्यामुळे ती अंगात मुरली. लहान मुलांनी कमवायला जावं असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्या मुलीचं बालपण त्यात खर्ची पडलं, हे विसरून चालणार नाही. पण जे शिकली ते पक्कं शिकली, हेही खरं.

पुढे तिने ललिता हे नाव घेतलं आणि नायिकेच्या भूमिका करू लागली. १९३२ च्या 'कैलास' या मूकपटात तिने भूमिका केलीच, शिवाय निर्मितीतही वाटा उचलला. तेव्हा वय होतं सोळा.

त्याच सुमारास या धंद्यात उलथापालथ झाली. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, पुढच्या वर्षी मराठीत 'अयोध्येचा राजा'. चित्रपट बोलू लागले आणि मूकपटातली किती तरी नावाजलेली मंडळी मागे पडली. कुणाचा आवाज चालेना, कुणाला हिंदी-उर्दूचे उच्चार जमेनात. पार्श्वगायन अजून रुळलेलं नव्हतं, त्यामुळे नायिकेला गाताही यावं लागे. मी ज्या क्षेत्रात काम करते तिथे दर काही वर्षांनी तंत्रज्ञान बदलतं आणि कालपर्यंतचे हुशार लोक रात्रीत जुने ठरतात. त्यामुळे हा भाग मी जरा जास्तच लक्ष देऊन वाचला. ललिताबाई त्या बदलातून पार झाल्या. १९३५ च्या 'हिम्मत-ए-मर्दां'मध्ये त्या नायिका होत्या आणि गाणीही त्यांनी स्वतः गायली. १९३८ मध्ये त्यांनी 'दुनिया क्या है' हा बोलपट काढला आणि त्यात कामही केलं. टॉल्स्टॉयच्या 'रिझरेक्शन' कादंबरीवर तो बेतलेला होता. बाविसाव्या वर्षी एखादी मराठी मुलगी रशियन कादंबरीवर चित्रपट काढते, हे आजही दचकवणारं आहे. १९४१ मध्ये वि. स. खांडेकरांनी लिहिलेल्या आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेल्या 'अमृत'मध्येही त्या होत्या.

आणि मग १९४२. 'जंग-ए-आझादी' नावाच्या चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं. प्रसंगात भगवान यांनी त्यांना थोबाडीत मारायची होती. हेच पुढचे 'अलबेला'चे भगवानदादा. थप्पड वाजवीपेक्षा फारच जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्यातली शीर फुटली. उपचार तीनेक वर्षं चालले. डावा डोळा मात्र कायमचा बारीक राहिला. नायिकेच्या भूमिका त्या दिवशी संपल्या. वय होतं सव्वीस.

त्या आघाताचं मोजमाप करून पाहा. जिची सगळी पुंजी चेहरा, तिचा अर्धा चेहराच हुकुमाबाहेर गेला. चूक तिची नाही, जाणूनबुजून केलेलं नाही, दाद मागायला जागा नाही. तेव्हाच्या सिनेमात नायिका होऊ न शकणाऱ्या सव्वीस वर्षांच्या बाईसाठी आई, सासू, आत्या, शेजारीण यांशिवाय फारसं काही लिहिलं जात नसे. त्यांनी तेच घेतलं. १९४४ मध्ये प्रभातच्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई झाल्या. 'ध' चा 'मा' करणारी आनंदीबाई इतिहासाच्या तासाला आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. कारस्थानी बाईची ती भूमिका त्यांच्या पुढच्या वाटेची खूण ठरली.

१९५० मध्ये शांतारामबापूंचा 'दहेज' आला आणि हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू घराघरांत पोचली. १९५२ च्या 'दाग'मध्ये त्या दिलीपकुमारची आई होत्या. त्या छत्तीस वर्षांच्या, मुलगा एकोणतीस-तीसचा. आपल्यापैकी बहुतेक जणी आज त्या वयाच्या पुढे आहोत. आपल्याहून सहा-सात वर्षांनीच लहान असलेल्या पुरुषाची आई म्हणून रोज सकाळी केस पांढरे करून घ्यायचे, ही कल्पना करून बघा. त्यांनी ते वर्षानुवर्षं केलं.

त्यांच्या खाष्टपणातही किती जाती होत्या! 'मिस्टर अँड मिसेस ५५'मधली सीतादेवी ही स्त्रियांच्या हक्कांवर भाषणं देणारी श्रीमंत आत्या. 'सुजाता'मधली आत्या जातीच्या शिवाशिवीत अडकलेली, आणि तिचा कडवेपणा तिला स्वतःला धर्मच वाटतो. 'जंगली'तल्या आईच्या घरात हसायला बंदी. 'प्रोफेसर'मधल्या कडक सीतादेवी तर म्हाताऱ्याचं सोंग घेतलेल्या शम्मी कपूरच्या प्रेमात पडतात आणि लाजतात. तो लाजण्याचा प्रसंग मी मुद्दाम पुन्हा पाहिला. हशा पिकवणारा प्रसंग आहे, पण त्या बाईचं एकटेपण त्यांनी हास्यास्पद होऊ दिलेलं नाही.

त्या फक्त खाष्टच होत्या असं ज्यांना वाटतं त्यांनी राज कपूरचे दोन चित्रपट पाहावेत. 'श्री ४२०'मध्ये त्या मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई आहेत. अंगावर ओरडते आणि उपाशी माणसाला केळीही देते. १९५९ च्या हृषिकेश मुखर्जींच्या 'अनाडी'त त्या मिसेस डिसा आहेत. भाड्यासाठी कटकट करणारी, पण भाडेकरूवर पोटच्या मुलासारखी माया करणारी घरमालकीण. शेवटी भेसळीच्या औषधाने तिचा जीव जातो आणि त्या मरणाने चित्रपटाचा सगळा खोडकरपणा एका क्षणात गळून पडतो. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला. दहा-बारा वर्षांनी हृषिदांनी 'आनंद' काढला, तेव्हा त्यातल्या कडक पण प्रेमळ मेट्रनचं नावही त्यांनी डिसाच ठेवलं.

हे चित्रपट ओळीने पाहताना मी त्या डाव्या डोळ्याकडे लक्ष ठेवलं. रागात तो आणखी बारीक होतो आणि समोरच्याचं मन वाचतोय असं वाटतं. मायेच्या प्रसंगात तोच डोळा थकलेला, जागरण झालेला दिसतो. डोळा एकच, व्यंग तेच. अर्थ बदलतो तो मानेच्या कलाने, खांद्याने, पदर खोचण्याच्या लकबीने, आवाज खाली आणून शब्द ओढण्याने. अंगाने बोलणं त्यांनी मूकपटात शिकून घेतलं होतं. आवाजाचं काम बोलपटात, गाण्याच्या तालमीत झालं होतं. १९४२ मध्ये चेहऱ्याचा एक भाग गेला, पण पंधरा वर्षांचं शिक्षण चेहऱ्याच्या त्या भागात साठवलेलं नव्हतं.

म्हणून थपडेने ललिता पवार घडवली असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. ऐकायला ते छान वाटतं, संकटाचं सोनं वगैरे. पण थपडेने फक्त घेतलं, दिलं काहीच नाही. त्यांच्या जागी नुसती देखणी नायिका असती, तर ती १९४२ मध्येच संपली असती आणि आज तिचं नावही कुणाला ठाऊक नसतं. ललिताबाई टिकल्या त्या बाराव्या वर्षापासून सव्विसाव्या वर्षापर्यंत निमूट केलेल्या कामावर. ते काम होत असताना त्याचा पुढे असा उपयोग होईल हे कुणालाच, अगदी त्यांनाही माहीत असणं शक्य नव्हतं.

हे मी मुद्दाम या स्मरणिकेत लिहिते आहे, कारण वाचणाऱ्यांत आपले सर आणि बाईही आहेत. आपल्या वयात आता प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही आलं आहे. कुणाची नोकरी गेली, कुणाची तब्येत, कुणाचं घर मोडलं. 'नायिकेच्या भूमिका' आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या संपल्या आहेत आणि ऑफिसातले तरुण आता आपल्याला मॅडम म्हणतात. अशा वेळी माणूस कशावर उभा राहतो, याचं उत्तर मला ललिताबाईंच्या आयुष्यात सापडलं. कधीतरी लहानपणी कुणीतरी दहादा करून घेतलेलं, तेव्हा कंटाळवाणं वाटलेलं काहीतरी असतं. ते काढून घेता येत नाही.

मूकपट, बोलपट, रंगीत चित्रपट आणि शेवटी टीव्ही, असं जवळपास सत्तर वर्षं त्या काम करत राहिल्या. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंधला त्यांचं निधन झालं. आर्यन फिल्म कंपनीतली ती लहान मुलगी ज्या शहरात काम शिकली, त्याच शहरात.