उन्हात बाटल्या ठेवणारा प्राध्यापक: जाकोमो चामिचान

सौरऊर्जा म्हटलं की आपल्याला छतावरचं पॅनल आठवतं. पण उन्हाकडून वीज नाही, थेट रसायनंच बनवून घ्यायची, हा विचार १०० वर्षांपूर्वीचा आहे. एमएससीच्या प्रोजेक्टसाठी मी तापलेल्या काचेवर द्रावण फवारून टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर बसवायचो. त्यासाठी जुने पेपर चाळताना मला चामिचान भेटले.

जन्म १८५७, त्रिएस्ते शहरात. घराणं आर्मेनियन. व्हिएन्नात शिकले, गीसेनला डॉक्टरेट, मग रोममध्ये कानिझारोंच्या हाताखाली काम. १८८९ पासून मात्र मुक्काम इटलीतल्या बोलोन्यात.

खरी गंमत तिथली. चामिचान आणि त्यांचे सहकारी पाउल सिल्बर काचेच्या बाटल्या-नळ्यांत रसायनं सीलबंद करायचे आणि छतावर नेऊन ठेवायचे. भट्टी नाही, दिवा नाही, फक्त ऊन! बाळंतशोपेला ज्यामुळे वास येतो ते कार्व्होन त्यांनी वर्षभर उन्हात ठेवलं आणि त्यातून वेगळंच संयुग निघालं. (आपण लोणच्याची बरणीसुद्धा इतके दिवस गच्चीवर ठेवत नाही!)

१९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या भाषणात त्यांनी सगळा हिशोबच मांडला. कोळसा कधीतरी संपणार. मग ओसाड प्रदेशांत काचेच्या नळ्यांची जंगलं उभी करा, बिनधुराचे कारखाने चालवा. योग्य उत्प्रेरक, म्हणजे कॅटलिस्ट, मिळाला तर पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन बनवता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. कोळशाच्या भरभराटीत हे बोलायला धाडस लागतं राव!

पुढे पहिलं महायुद्ध आलं आणि जर्मन सिल्बरांची साथ सुटली. नोबेलसाठी नाव अनेकदा गेलं, मिळालं नाही. जानेवारी १९२२ मध्ये चामिचान गेले.

त्यांच्या त्या ‘योग्य उत्प्रेरका’च्या दिशेनं मोठं पाऊल पडलं १९७२ मध्ये. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले. फुजिशिमांनी हे काम विद्यार्थी असतानाच सुरू केलं होतं. अडचण एकच: हा पांढरा ऑक्साइड फक्त अतिनील किरणं शोषतो आणि उन्हात ती जेमतेम ५ टक्के असतात. माझ्या थरानं यूव्ही दिव्याखाली मिथिलिन ब्लूचा निळा रंग छान उडवला, साध्या उन्हात तो फारच हळू उडाला. म्हणून आता बरेच विद्यार्थी या थरात थोडा नायट्रोजन किंवा लोह मिसळून बघतात, म्हणजे डोळ्यांना दिसणारा प्रकाशही कामाला येईल.