पक्ष्यांवरील संशय आणि डॉ. सालिम अली

गोव्यातील चोडण बेटावरच्या पक्षी अभयारण्याला डॉ. सालिम अली यांचे नाव आहे. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्याने मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नोकरीस असताना १९२८ मध्ये ते रजा घेऊन बर्लिनला गेले व एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र शिकले.

याच काळात उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावरील पक्षी निरीक्षण केंद्रात त्यांनी पक्ष्यांच्या पायात कडे घालण्याच्या पद्धतीचा अनुभव घेतला. या बेटाच्या तांबड्या कड्यांवर समुद्रपक्ष्यांची मोठी वसाहत आहे. घरट्यातील पिलाच्या पायात क्रमांक कोरलेले हलके धातूचे कडे घातले, तर पुढे तो पक्षी कोठेही सापडला तरी त्याचे जन्मस्थान व वय निश्चितपणे कळते. मोठ्या पक्ष्याचे कडे त्याच्या प्रवासाची साक्ष देते.

१९३० मध्ये ते परतले तेव्हा नोकरी उरली नव्हती. किहीम येथे राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. पुढे संस्थानांतील पक्षी सर्वेक्षणांनी त्यांचे नाव झाले. १९३९ मध्ये पत्नी तहमिना यांचे निधन झाले. तरीही काम थांबले नाही.

१९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसेही तापाने दगावू लागली. हाच तो माकडताप. त्याचा विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांनी गोचिडींमार्फत तो आणला असावा, असा संशय बळावला. त्याचा छडा लावण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली पक्षी स्थलांतराचा प्रकल्प हाती घेतला. भरतपूरसह अनेक ठिकाणी हजारो पक्ष्यांना कडी घातली गेली. सापडल्यास सोसायटीला कळवावे, अशी सूचना कड्यावर असे. भरतपुरात कडे घातलेली बदके मध्य आशिया व सायबेरियात सापडली. त्यांचे मार्ग नकाशावर उमटू लागले.

पक्ष्यांवरील आरोप मात्र सिद्ध झाला नाही. विषाणूचे चक्र घाटातच, स्थानिक गोचिडी आणि जंगलातील लहान प्राणी व माकडे यांच्यात फिरते, असे दिसून आले. संशयाचा फेरा सालिम अलींनाही चुकला नाही. १९७० च्या दशकात प्रकल्पाच्या परदेशी निधीवरून प्रश्न उठले. ते डगमगले नाहीत. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण किताब मिळाला, १९८५ मध्ये ते राज्यसभेवर गेले आणि १९८७ मध्ये वयाच्या नव्वदीत त्यांचे निधन झाले.

२०१५ मध्ये माकडताप सत्तरीतील पाली गावात पोहोचला. उत्तर कन्नड आणि जोयड्यापासून सत्तरीपर्यंत घाटाचे जंगल सलग आहे. तेथे मेलेले माकड दिसले की आता नजर आकाशाकडे जात नाही; पायाखालच्या पाचोळ्यातील गोचिडीकडे जाते. हा फरक समजण्यात पक्ष्यांच्या पायांतील त्या कड्यांचाही वाटा आहे.