पाखरांच्या जगाचा वाटाड्या : डॉ. सलीम अली

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

थोर माणसांच्या नावामागे बहुधा पदव्यांची रांग असते, आणि ती पाहूनच आमच्यासारख्या विद्यार्थ्यांची छाती दडपते. पण ज्यांचे नाव भारतातील पक्षी-अभ्यासाशी कायमचे जोडले गेले आहे, त्या डॉ. सलीम अलींनी कोणत्याही विद्यापीठाची परीक्षा देऊन पदवी मिळवलेली नव्हती. नावामागचे ‘डॉक्टर’ हे पुढे विद्यापीठांनी सन्मानाने दिलेले. मी आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच मुलगी. माझ्या पदवीसाठी आईवडिलांनी काय काय बाजूला ठेवले आहे, ते मला ठाऊक आहे. म्हणूनच पदवीविना मोठ्या झालेल्या या माणसाचे चरित्र मी जरा सावधपणेच वाचायला घेतले.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. सगळ्या भावंडांत ते धाकटे. वर्षाचे होतात न होतात तोच वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आईही गेली. या पोरक्या मुलांना खेतवाडीत राहणाऱ्या मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी पोटच्या पोरांप्रमाणे वाढवले. मामांना शिकारीची हौस होती. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लहानग्या सलीमच्या हातीही छऱ्याची छोटी बंदूक आली आणि तो चिमण्या टिपू लागला.

एके दिवशी पाडलेली चिमणी नेहमीसारखी दिसेना. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही खावी की खाऊ नये, असा प्रश्न त्या धार्मिक घरातील मुलाला पडला. मामांनाही ती ओळखता आली नाही. मात्र ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी भाच्याला तेथे पाठवले. सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती रानचिमणी ओळखून दिली. मग त्यांनी आपण होऊन कपाटाचे खण उघडले आणि पेंढा भरून जपलेले कितीतरी पक्षी त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलासमोर मांडले. सलीम अलींच्या आयुष्याची दिशा त्या खोलीत ठरली. वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ म्हणजे चिमणीचे पडणे हेच नाव दिले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मिलार्डसाहेब काही प्राणिशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. ते मद्यविक्रीच्या पेढीत काम करीत. ही सोसायटीसुद्धा हौशी माणसांनीच १५ सप्टेंबर १८८३ रोजी स्थापन केलेली. आठ संस्थापकांपैकी दोघे भारतीय होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. दोघेही व्यवसायाने वैद्यकीय डॉक्टर आणि दोघेही मराठी. आपापला धंदा सांभाळून माणसे निसर्ग पाहात, टिपणे ठेवीत आणि एकमेकांना दाखवीत. आज गावोगावची निसर्गमंडळे हेच तर करतात.

शिक्षणात मात्र सलीम अलींचा जम बसला नाही. डोकेदुखीच्या त्रासामुळे शाळा मध्येच सुटली, हवापालटासाठी सिंधमध्ये राहावे लागले, आणि १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. त्यानंतर ब्रह्मदेशात तवॉय येथे घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यावर त्यांची रवानगी झाली. धंद्यापेक्षा त्यांचे लक्ष भोवतालच्या अरण्यात अधिक. १९१७ साली परत आल्यावर ते दावर कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेब शिकू लागले. त्याच वेळी सेंट झेवियर्स कॉलेजातील फादर ब्लाटर यांच्या आग्रहावरून प्राणिशास्त्राचे पाठही त्यांनी घेतले. १९१८च्या डिसेंबरात तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पदवी नसल्याची झळ त्यांना लागल्यावाचून राहिली नाही. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षीशास्त्रज्ञाची जागा निघाली होती. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून ती त्यांना मिळाली नाही. अखेर १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, नव्याने उघडलेल्या निसर्गविभागात ते मार्गदर्शक व्याख्याते झाले. पगार महिना ३५० रुपये. काम असे, की येणाऱ्या लोकांना पशुपक्षी दाखवायचे आणि समजावून सांगायचे. लहानपणी मिलार्डनी त्यांच्यासाठी जे केले, तेच आता नोकरी म्हणून त्यांच्या वाट्याला आले.

दोनेक वर्षांत आपले ज्ञान अपुरे असल्याचे त्यांना जाणवले. १९२८ साली अभ्यासासाठी रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या संग्रहालयात प्रा. एर्विन श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली त्यांनी शास्त्रशुद्ध पद्धत शिकून घेतली. हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग कसा काढतात, तेही पाहिले. १९३० साली मोठ्या उमेदीने ते परतले, तर पैशाच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झालेली. वय तेहेतीस, संसार मागे, हाती नोकरी नाही.

तेव्हा हे दांपत्य मुंबई सोडून समुद्रापलीकडे किहीमला येऊन राहिले. आम्ही अलिबाग तालुक्यातले, म्हणून किहीमचे नाव वाचताच मी पुस्तक खाली ठेवून पुन्हा उचलले. आमच्या गावाहून सायकलने जाता येते ते हे गाव. भारतीय पक्षी-अभ्यासातला एक मोठा शोध आमच्या शेजारी लागला आणि आम्हांला त्याचा पत्ताही नव्हता!

किहीमला त्या पावसाळ्यात सलीम अली सुगरणींचे खोपे बघत बसले. मराठीत या पक्ष्याचे नाव स्त्रीलिंगी, आणि बहिणाबाईंच्या कवितेमुळे पिलांसाठी खोपा विणणारी आई म्हणूनच आपण सुगरणीला ओळखतो. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. विणीच्या हंगामात डोके पिवळे झालेला हा नर भाताच्या, गवताच्या पातींचे लांब धागे काढून विणू लागतो. खोपा अर्धा झाला, घंटेसारखा दिसू लागला, की त्याला लोंबकळून पंख फडफडवतो आणि माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत शिरून पारख करतात. एखादीला घर पसंत पडले, तर ती तेथे राहते आणि मग नर खाली उतरणारी लांब नळी विणून खोपा पुरा करतो. मादी अंडी घालून एकटीच उबवू लागते. इकडे नर दुसरा खोपा विणायला घेतो आणि त्यासाठी दुसरी मादी मिळवतो. कुणालाच पसंत न पडलेले खोपे अर्धेच राहून जातात. एकामागून एक अनेक माद्यांशी संसार करण्याची ही रीत सलीम अलींनी नोंदींनिशी मांडली. हा अभ्यास १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आमच्या विहिरीवरच्या शिंदीला दरवर्षी खोपे लटकतात. अर्धे खोपे वाऱ्याने मोडले, असेच आम्ही समजत होतो. त्यांच्याखालून पाण्याच्या कळश्या नेताना ते अर्धे का, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला पडला नाही. सलीम अलींना तो पडला, आणि उत्तर सापडेपर्यंत ते तेथून हलले नाहीत.

त्यानंतरचे त्यांचे आयुष्य म्हणजे अखंड पायपीट. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, भोपाळ, इंदूर अशा संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली. पगार नको, फक्त खर्च द्या, अशी त्यांची अट असे. तेहमिना बरोबरीने रानावनात राहिल्या. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. हा घाव मोठा होता. त्यानंतर सलीम अली बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांच्याकडे राहू लागले आणि त्यांनी कामात स्वतःला अधिकच गुंतवून घेतले.

१९४१ साली त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ प्रसिद्ध झाले. रंगीत चित्रे, आकार, सवयी, घरटी असे सगळे सोप्या भाषेत सांगणारे हे पुस्तक हाती घेऊन कुणीही माणूस बाहेर पडावा आणि पक्षी ओळखावा, अशी त्याची रचना होती. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ एस. डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा केला. लईक फतेहअली यांच्याबरोबर सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या त्यांच्या छोट्या पुस्तकाची भाषांतरे अनेक भारतीय भाषांत झाली. भरतपूरच्या पाणथळीचे रक्षण आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य वाचवण्याची चळवळ, या दोहोंमागे त्यांनी आपले वजन उभे केले. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण आणि १९८५ साली राज्यसभेचे सभासदत्व असे मान त्यांना मिळाले. अलीगढ, दिल्ली आणि आंध्र या विद्यापीठांनी डॉक्टरेट दिली. पण मला सर्वांत मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. सोसायटीला मुंबई विद्यापीठाची मान्यता मिळाली आणि स्वतः पदवी न घेतलेल्या या माणसाच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थी पक्षीशास्त्रातील उच्च पदव्या घेऊ लागले. २० जून १९८७ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चरित्रातील एक बाजू झाकून ठेवता येणार नाही. पाहण्यांच्या काळात त्यांनी नमुन्यांसाठी शेकडो पक्षी मारले. तेव्हा शास्त्राची ती रीतच होती. आज आपण दुर्बिणीने पाहतो आणि मोबाइलवर छायाचित्र घेतो, तेही त्यांनी आणि त्यांच्या पिढीने तयार केलेल्या ओळखीच्या जोरावर. शिवाय, वाईट दिवसांत आधार देणारे सुखवस्तू घराणे त्यांच्या पाठीशी होते. पगार नको म्हणण्याची मुभा माझ्या वडिलांना नाही आणि मलाही असणार नाही. त्यामुळे पदवीची काय गरज, असा अर्थ या चरित्रातून कुणी काढू नये. बर्लिनला जाऊन तेहेतिशीपर्यंत विद्यार्थी होणारा माणूस शिक्षणाला कमी लेखणारा नव्हताच.

मी शिकले ते निराळे. गेल्या वर्षापासून मी आमच्या तालुक्यातील निसर्गमंडळाच्या रविवारच्या फेऱ्यांना जाते. पहाटे सहाला निघायचे, मळकट रंगाचे कपडे घालायचे, बोलायचे कमी. पंधरा जणांत दुर्बिणी दोन. मंडळाचे काका प्रत्येकाकडून वहीत लिहून घेतात : पक्षी कोणता, किती, कुठे, किती वाजता आणि काय करीत होता. प्रारंभी मला ही शाळेसारखी कटकट वाटे. पाखरे बघून पोट भरते का, असे आईही विचारी. आता कळते, की नुसते पाहणे आणि पाहिलेले लिहून ठेवणे यांतच आमच्या विहिरीचा आणि किहीमच्या खोप्यांचा फरक आहे. आमचे वडील चाळीस वर्षे शेतात वावरले आहेत. टिटवी अंडी कुठे घालते, भारद्वाज कोणत्या गचपणात शिरतो, हे त्यांना कुणापेक्षाही जास्त ठाऊक आहे. ते कुणी कधी लिहून घेतले नाही, एवढेच.

गेल्या आषाढात विहिरीवरची शिंदी तोडायचे त्यांच्या मनात होते. त्याच वेळी मी त्यांना नराची आणि अर्ध्या खोप्यांची हकिगत सांगितली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बांधावर बसून बराच वेळ वर पाहात राहिले. पिवळ्या डोक्याचाच पक्षी विणतो, हे त्यांनी स्वतः पाहून मला सांगितले. शिंदी तोडणे दिवाळीनंतरवर गेले आणि दिवाळीनंतर तो विषय निघालाच नाही. त्या पावसाळ्यात तिच्यावर एकोणीस खोपे होते, त्यांपैकी सात अर्धे. वहीत तारखांसह नोंद आहे आणि त्यांतल्या बऱ्याच नोंदी वडिलांनी सांगून मी लिहिलेल्या आहेत.

महाराष्ट्र शासनाने २०२० साली ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा करण्याचे ठरवले. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या जन्माचा. त्या आठवड्यात आपल्या कॉलेजातील मित्रमैत्रिणींनी एकदा तरी फेरीला यावे, ही माझी विनंती आहे. दुर्बीण नसली तरी चालेल. वही आणि पेन्सिल मात्र आणावी, आणि जमल्यास घरातील एखादे वडीलधारे माणूसही बरोबर आणावे.