फ्रँकलिन आणि शिशाचे विष

पाचगणीच्या डोंगरमाथ्यावर आषाढसरी कोसळू लागल्या, की घरांच्या पागोळ्या दिवसरात्र गळत राहतात. आकाशातून आलेले ते पाणी कोणालाही निर्मळच वाटेल. परंतु छपरावरून वाहताना पाणी आपल्याबरोबर काय घेऊन येते, याचा विचार अमेरिकेतील एका थोर पुरुषाने फार पूर्वी केला होता. त्याचे नाव बेंजामिन फ्रँकलिन.

बेंजामिनचा जन्म १७०६ साली बोस्टन शहरी झाला. वडील साबण व मेणबत्त्या तयार करीत. घरात भावंडे पुष्कळ. त्यामुळे दहाव्या वर्षी त्याची शाळा सुटली आणि बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करू लागला.

१७२४ साली तो लंडनला गेला व तेथे एका छापखान्यात जुळाऱ्याचे काम करू लागला. कडाक्याच्या थंडीत शिशाच्या खिळ्यांची पेटी विस्तवापुढे तापवण्याची तेथे रीत होती. ऊन खिळे हाताळताना बोटांना बरे वाटे. परंतु एका वृद्ध कामगाराने त्याला सावध केले. या सवयीपायी त्याच्या दोन सोबत्यांचे हात जवळजवळ निकामी झाले होते. बेंजामिनलाही हाताच्या हाडांत अधूनमधून वेदना जाणवत असे. त्याने ती सवय सोडून दिली.

पुढे तो नामांकित मुद्रक झाला. इमारतींचे विजेपासून रक्षण करणारा विद्युतवाहक त्याने शोधून काढला. १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याने सही केली. तरीही शिशाचा विचार त्याच्या मनातून गेला नाही. १७६७ साली पॅरिसमध्ये असताना त्याने तेथील एका रुग्णालयातल्या पोटशूळाच्या रोग्यांची यादी पाहिली. जवळजवळ सर्वांचे धंदे शिशाशी निगडित होते. पाथरवट आणि शिपाई मात्र त्या यादीत कसे, हे त्याला उमगेना. चौकशी केली तेव्हा कळले, की पाथरवट दगडात लोखंडी गज बसवताना वितळलेले शिसे ओतीत आणि शिपाई रंगाऱ्यांकडे रंग घोटण्याची मजुरी करीत.

१७८६ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्याने एका मित्राला पत्र लिहून हे सारे अनुभव कळवले. त्यात युरोपातील एका कुटुंबाची हकिगत होती. त्यांचे घर उंचावर असल्यामुळे तेथे विहीर नव्हती. शिशाने मढवलेल्या छपरावरचे पावसाचे पाणी हौदात साठे व तेच सर्वजण पीत. कित्येक वर्षे काहीही अपाय झाला नाही. मग घराजवळची झाडे वाढली आणि त्यांची पाने छपरावर पडून कुजू लागली. पानांतील आम्लाने शिसे झिजून पाण्यात उतरले असावे, असा तर्क होता. कारण त्या वर्षी सारे घर पोटशूळाने आजारी पडले.

शिशाचा अपाय साठ वर्षांपासून ठाऊक असूनही लोक त्याप्रमाणे वागत नाहीत, याचा फ्रँकलिनला खेद वाटे. १७९० साली तो मरण पावला. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या नव्या कामांत शिशाचे नळ वापरण्यास कायद्याने बंदी झाली ती १९८६ साली, म्हणजे त्या पत्रानंतर २०० वर्षांनी!

पाण्यात विरघळलेले शिसे डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि पाणी उकळल्यानेही जात नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला तर त्यापासून फार मोठा धोका असतो. म्हणून पाणी स्वच्छ दिसते एवढ्यावर समाधान न मानता, ते कोणत्या छपरावरून, नळातून व भांड्यातून आले, हे पाहणारा माणूसच आपल्या घराचे खरे रक्षण करतो.