शंभर डॉलरच्या नोटेवरचा प्रिंटर

बेंजामिन फ्रँकलिन म्हटलं की सगळ्यांना आठवतो तो पतंग. ढगांचा गडगडाट, भिजलेला दोरा, दोऱ्याला बांधलेली किल्ली आणि बोटाला बसलेला झटका. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना तो आणखी एका ठिकाणी भेटतो, मॉरल सायन्सच्या तासाला. लवकर झोपा, लवकर उठा, काटकसर करा असं सांगणारे एक टकले आजोबा! खरं सांगते, तेव्हा तो मला अजिबात आवडला नव्हता.

थर्ड इयरच्या सेमिनारसाठी मी नोटा तपासणाऱ्या मशीनचा विषय घेतला, तेव्हा हे आजोबा पुन्हा समोर आले. या वेळी मात्र ते वेगळेच दिसले. कारण हा माणूस तरुणपणी पोटापाण्यासाठी चक्क नोटा छापायचा. नुसता छापायचा नाही, तर खोटी नोट कशी ओळखायची या प्रश्नावर इतका डोकं चालवायचा, की आजच्या मशीनमधला सेन्सर जे करतो त्याची सुरुवात त्याच्या छापखान्यात दिसते. म्हणून पतंग थोडा बाजूला ठेवून त्या फ्रँकलिनची गोष्ट सांगते.

त्याचा जन्म १७ जानेवारी १७०६ चा, बॉस्टनचा. वडील मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. घरात सतरा मुलं, हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षं झाली, मग पैसे संपले. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या, जेम्सच्या, छापखान्यात तो उमेदवारी करायला लागला. खिळे जुळवायचे, शाई लावायची, दाब द्यायचा, आणि रात्री उसनी आणलेली पुस्तकं वाचायची. भावाशी पटेना, मारही खावा लागे. शेवटी १७२३ मध्ये, सतराव्या वर्षी, तो घरातून पळाला आणि फिलाडेल्फियाला पोचला. खिशात फारसं काही नव्हतं, पण हातात कला होती.

त्या काळच्या अमेरिकेत, म्हणजे इंग्रजांच्या वसाहतींत, एक मोठी अडचण होती. सोन्याचांदीची नाणी फार कमी, आणि जी यायची ती इंग्लंडचा माल विकत घेण्यात परत जायची. बाजारात माल आहे, कामाला माणसं आहेत, पण द्यायला पैसाच नाही! यावर उपाय म्हणून मॅसॅच्युसेट्सने १६९० मध्ये कागदी नोटा काढल्या, आणि मग एकेक वसाहत त्या वाटेने गेली. पेनसिल्व्हानियात १७२३ पासून सरकार लोकांना जमीन तारण ठेवून नोटा कर्जाऊ द्यायचं. कर्जदार हप्त्याने व्याजासकट नोटा परत करायचा. म्हणजे नोटेच्या मागे शेतजमीन उभी होती.

फ्रँकलिनचा नोटांशी पहिला संबंध आला १७२८ मध्ये. त्याचा मालक सॅम्युएल कीमर याला न्यू जर्सीच्या नोटा छापायचं काम मिळालं. त्यासाठी तांब्याच्या प्लेटवरून छापणारा प्रेस लागत होता. बावीस वर्षांच्या फ्रँकलिनने तो स्वतः तयार केला, नोटेवरची नक्षीही स्वतःच कोरली. बर्लिंग्टन गावात सुमारे तीन महिने हे काम चाललं. आणि गंमत बघा, कायद्याने ठरवल्यापेक्षा एकही नोट जास्त छापली जाऊ नये म्हणून विधिमंडळाचे सभासद आळीपाळीने येऊन प्रेसजवळ बसायचे. म्हणजे पहिला संशय बाहेरच्या चोरावर नव्हता, छापणाऱ्यावरच होता! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पुढच्याच वर्षी, १७२९ मध्ये, त्याने कागदी चलनाच्या बाजूने एक पुस्तिका लिहिली. पैसा कमी असला की व्याज चढतं, धंदा थांबतो आणि कारागीर गाव सोडून जातात, असा त्याचा मुद्दा होता. श्रीमंत सावकारांना हे पटणारं नव्हतं, पण विधिमंडळाने आणखी नोटा काढायचं ठरवलं. आणि थोड्याच काळात त्या छापायचं काम कोणाला मिळालं? अर्थातच फ्रँकलिनला! आज कोणी असं केलं तर पेपरात काय छापून येईल सांगायला नको. पण त्याने यातला आपला फायदा लपवला नाही. म्हातारपणी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलं, की ते काम चांगलंच फायद्याचं होतं.

आता इंजिनिअरिंगचा भाग. तांब्यावर कोरलेली नक्षी कितीही सुंदर असली तरी ती माणसाच्या हाताने केलेली असते. त्यामुळे दुसरा कुशल सोनार किंवा नक्षीदार तिची नक्कल करू शकतो. खोट्या नोटांचा तेव्हा सुळसुळाट होता. मग माणसाच्या हाताला जमणारच नाही असं काय छापायचं?

फ्रँकलिनचं उत्तर होतं झाडाचं पान. सेजसारख्या झाडाचं खरं पान घ्यायचं, प्लास्टरमध्ये त्याचा ठसा उठवायचा आणि त्यात खिळ्यांचा वितळलेला धातू ओतायचा. तयार झालेल्या ठोकळ्यावर पानाची शीर न शीर उमटते. देठाजवळची जाड शीर हळूहळू बारीक होत जाते, तिला फाटे फुटतात, फाट्यांची जाळी होते. अशी जाडी बदलत जाणारी रेघ हाताने कोरणं जवळपास अशक्य. शिवाय कोणतीही दोन पानं सारखी नसतात. आणि हा ठोकळा उठावाचा असल्यामुळे नेहमीच्या खिळ्यांबरोबर, त्याच प्रेसवर, एकाच दाबात छापता येतो. म्हणजे खऱ्या प्रिंटरला सोपं आणि खोट्याला कठीण. डिझाइन म्हणतात ते हे! १७३० च्या दशकाच्या अखेरीस अशा पानांच्या नोटा निघू लागल्या. ठोकळा बनवायची नेमकी रीत त्याने गुपितच ठेवली.

कागद आणि शाईतही त्याने डोकं घातलं होतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या काळातल्या जवळपास ६०० नोटा स्पेक्ट्रोस्कोपी आणि मायक्रोस्कोपने तपासल्या. फ्रँकलिनच्या काळ्या शाईत त्यांना ग्रॅफाइट सापडलं. इतरांच्या शाईत सहसा जाळलेल्या हाडांची किंवा तेलाची काजळी असायची. कागदात निळे धागे होते, आणि अभ्रकाचे चमचमणारे बारीक कण. खोट्या नोटांत हे सगळं जुळून येत नव्हतं.

एवढं करूनही नोटेवर खोटी नोट बनवणाऱ्याला देहदंड, अशी धमकी छापलेली असायची. शिवाय प्रत्येक नोटेवर हाताने नंबर आणि सह्या. मशीन नव्हतं, तेव्हा तपासायचं कोणी? दुकानदाराने, शेतकऱ्याने, खानावळीच्या मालकिणीने. फ्रँकलिनचं पान या सगळ्यांच्या डोळ्यांसाठी होतं. शिक्षण लागत नव्हतं, पान तर सगळ्यांनीच पाहिलेलं असतं.

आज हे काम आपल्यासाठी मशीन करतं. बँकेच्या काउंटरवर फर्रर्र आवाज करणारं छोटं मशीन सगळ्यांनी पाहिलंय. रबरी रोलर एकेक नोट ओढून घेतात. दोन नोटा चिकटून गेल्या तर आरपार जाणारा इन्फ्रारेड प्रकाश कमी पडतो, की मशीन थांबलंच. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली साधा झेरॉक्सचा कागद निळसर चमकतो, कारण त्यात पांढरेपणासाठी रसायन असतं. नोटेचा कापसाचा कागद मात्र काळपट राहतो आणि ठरलेले धागे व नंबर तेवढे उजळतात. मॅग्नेटिक हेड शाईतले लोहकण आणि सुरक्षा धागा वाचतो. इन्फ्रारेडमध्ये काही शाया दिसतात, काही गायब होतात. महागड्या मशीनमध्ये कॅमेरा नोटेचं चित्र घेऊन साठवलेल्या नमुन्याशी ताडून बघतो. मध्यवर्ती बँकांची मोठी मशीनं सेकंदाला तीस-चाळीस नोटा अशा तपासतात आणि मळक्या नोटांचा तिथल्या तिथे भुगा करतात. आपल्या नाशिकच्या करन्सी नोट प्रेसमध्ये छापलेल्या नोटेलाही आयुष्यभर अशाच परीक्षा द्याव्या लागतात. आपल्या व्हायवापेक्षा कडक, कारण इथे एक्स्टर्नलला पटवता येत नाही!

तत्त्व मात्र तेच आहे, फ्रँकलिनचं. कागद, शाई आणि चित्र या तिन्हींत काहीतरी असं ठेवा, की जे बनवायला कठीण आणि तपासायला सोपं असेल.

असो, गोष्ट पुढे नेते. १७४८ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, त्याने छापखाना भागीदार डेव्हिड हॉलवर सोपवला आणि विजेच्या मागे लागला. धन आणि ऋण भार ही नावं त्याने रूढ केली. १७५२ चा पतंगही तेव्हाचाच. पतंगावर वीज प्रत्यक्ष कोसळली नव्हती बरं का, नाहीतर पुढची गोष्टच नसती! ढगातला भार दोऱ्यावाटे किल्लीपर्यंत आला होता. इमारतीवरची वीजवाहक सळई ही त्याचीच देणगी, आणि तिचं पेटंट त्याने घेतलं नाही.

त्याच्या आयुष्यात न आवडणाऱ्या गोष्टीही आहेत. त्याच्या घरात गुलाम होते, आणि त्याच्या पेपरात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापून यायच्या. म्हातारपणी तो बदलला. गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि १७९० मध्ये संस्थेतर्फे काँग्रेसकडे अर्जही पाठवला. उशीर झाला, पण बदलला.

नोटांची खरी परीक्षा आली १७७५ मध्ये. इंग्लंडशी युद्ध पेटलं आणि काँग्रेसने सैन्याच्या खर्चासाठी कॉन्टिनेंटल नावाच्या नोटा काढल्या. फ्रँकलिन समितीवर होता. चित्रं त्याच्या कल्पनेतली, पाठीवर पानं त्याच्या पद्धतीची. लहान नोटांवर सूर्यघड्याळ आणि मागे एकमेकांत गुंतलेल्या तेरा कड्या, म्हणजे तेरा वसाहती. वीस डॉलरच्या एका नोटेला त्याने रंगीत अबरी कागदाची कडा दिली होती. अबरीचा रंग प्रत्येक वेळी वेगळाच उमटतो, ही पण पानाचीच युक्ती.

नोटा चांगल्या होत्या, पण काँग्रेसकडे कर वसूल करायचा अधिकारच नव्हता. नोटांच्या मागे आता शेतजमीन नव्हती, फक्त आशा होती. या नोटांवर व्याज द्या असं फ्रँकलिनने सुचवलं, ते नाकारलं गेलं. पहिल्या छपाईनंतर थांबा, याच नोटा लोकांकडून व्याजाने परत घ्या असं म्हणाला, तेही तेव्हा ऐकलं नाही. पाच वर्षांत २० कोटी डॉलरहून जास्त नोटा छापल्या गेल्या. त्यात इंग्रजांच्या ताब्यातल्या न्यूयॉर्कमध्ये खोट्या कॉन्टिनेंटल नोटा निघाल्या आणि १७७७ मध्ये त्यांची पेपरात उघड जाहिरातसुद्धा आली. १७८० मध्ये काँग्रेसनेच चाळीस कागदी डॉलरला एक चांदीचा डॉलर असा भाव मान्य केला. वर्षभरात तोही उरला नाही. पगार म्हणून या नोटा घेतलेल्या सैनिकांच्या घरी काय झालं असेल, विचार करा. फ्रँकलिन तेव्हा फ्रान्समध्ये राजाकडून देशासाठी कर्ज मिळवण्यात गुंतला होता.

माझ्या सेमिनारच्या विषयात मला सगळ्यात विचार करायला लावलं ते इथे. नोट खरी आहे की खोटी हे पान सांगू शकत होतं, आज सेन्सर सांगू शकतो. पण खऱ्या नोटेला किंमत आहे की नाही, हे कोणतंही मशीन सांगू शकत नाही. पाच-दहा टक्के नोटा खोट्या निघाल्या तर त्या बाजूला काढता येतात, पण खऱ्याच नोटा बेसुमार छापल्या तर रिजेक्ट पॉकेटमध्ये काय टाकणार? बर्लिंग्टनच्या प्रेसजवळ बसलेले ते सभासद आठवा. त्यांचं काम कुठल्याही सेन्सरपेक्षा मोठं होतं.

१७ एप्रिल १७९० रोजी, ८४ व्या वर्षी, फ्रँकलिन वारला. शंभर डॉलरच्या नोटेवर आज त्याचाच चेहरा आहे. २०१३ पासूनच्या नोटेत त्याच्याशेजारी एक निळी पट्टी कागदात विणलेली असते. दोन रंगांच्या शाईतली दौत आणि घंटाही असते. निळ्या धाग्यांचा कागद वापरणारा हा प्रिंटर ती पट्टी बघून नक्की खूश झाला असता.

त्याच्या मृत्युपत्रात एक कलम आहे, ते आपल्यासारख्यांसाठीच लिहिलंय असं मला वाटतं. बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना त्याने एक-एक हजार पौंड ठेवले. अट अशी, की हे पैसे पंचविशीच्या आतल्या, उमेदवारी पूर्ण केलेल्या कारागिरांना धंदा सुरू करायला व्याजाने द्यायचे आणि दोनशे वर्षं फिरवत राहायचे. तारण काय? दोन भल्या माणसांची हमी, बस. १९९० मध्ये मुदत संपली तेव्हा बॉस्टनमध्ये जवळपास ५० लाख आणि फिलाडेल्फियात सुमारे २० लाख डॉलर झाले होते. या निधीतल्या पैशावर बॉस्टनमध्ये १९०८ साली एक तांत्रिक कॉलेजही उभं राहिलं. काही कर्जं बुडाली, पण बरीच तरुण पोरं लोहार, सुतार, प्रिंटर म्हणून उभी राहिली, तीही दोन ओळखीच्या माणसांच्या शब्दावर.